चांदीच्या शेजारची खिडकी

माझी बायको शालन श्रावणात गेली. तिची गोधडी गेली दिवाळीच्या तोंडावर. शालन गेली ती दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत. गोधडी गेल्याचं मात्र मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, चहाचा कप घेऊन खिडकीखाली बसायला गेलो तेव्हा. तिथं नुसती फरशी होती.

"सानिका, गोधडी कुठाय?"

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ होतं. "कुठली, मामा?" असं म्हणाली खरी, पण कुठली ते तिला माहीत होतं.

"हितली."

"केराबरोबर दिलो. काल सोसायटीची गाडी आलती तवा."

मी कप खिडकीत ठेवला आणि चपला घातल्या. सोसायटीची गाडी बिनड्रायव्हरची आहे, त्यामुळे शालनची गोधडी म्हणून कुणी ती बाजूला काढून ठेवली असेल, अशीही आशा नव्हती. "मामा, चहा तरी..." हे मागून ऐकू आलं, पण मी वळलो नाही.

आमचं माळवाडी हे हुपरीकडचं चांदीचं गाव. पुरुष तार ओढतात, साखळ्या विणतात. बायका घरी बसून पैंजणांना घुंगरू झाळतात. झाळणं म्हणजे जोडावर सवागी, म्हणजे टाकणखार, लावायची, वर डाग द्यायच्या धातूच्या काडीचा तुकडा ठेवायचा आणि बारीक ज्योत धरायची. काडी वितळते, चांदी वितळत नाही, आणि जोड बसतो. शालन लग्न होऊन आली तेव्हापासून त्या खिडकीखाली बसून हेच करत होती. बसायला गोधडी, तिच्याच जुन्या लुगड्यांची. विरली की वर नवीन थर घालायची. ती गेल्यापासून सकाळचा चहा मी त्या गोधडीवर बसून घ्यायचो. एवढंच. दुसरं काही मी करत नव्हतो.

चांदीच्या गावात कुणी केर टाकून देत नाही. केरात चांदी असते. पूर्वी झारेकरी येऊन केर विकत घ्यायचे, धुवायचे, राखेतून चांदी काढायचे. आता सोसायटीनं यंत्र आणलं आहे, आणि त्यालाही गावात सगळे झारेकरीच म्हणतात. दोन वर्षं झाली त्याला येऊन. माणसानं केलेलं कुठलंही काही त्यात घाला, केर घाला, फुटका मोबाइल घाला, जुनी चप्पल घाला, ते सगळ्याचे मूळ अणू वेगळे करून देतं. चांदी ज्याची त्याला परत मिळते.

ते चालवतात रोहिणी मॅडम, इचलकरंजीच्या. वयानं माझ्या सुनेएवढ्याच. यंत्र आलं तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना गोळा करून ते कसं चालतं ते सांगितलं होतं, आणि मला ते पहिल्याच दिवशी पटलं होतं, कारण लहानपणी मी आजोळच्या खळ्यावर उपणणी बघितली आहे. वाऱ्यावर सूप धरलं की जड दाणा पायाशी पडतो आणि भूस लांब जाऊन पडतं. इथं तसंच. आधी इतकी उष्णता देतात की सगळे पदार्थ तुटून सुटे अणू होतात. अणूवरचा एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला की त्याला विजेचा भार येतो, आणि मग तो चुंबकाचं ऐकायला लागतो. चुंबक म्हणजे इथला वारा. हलका अणू जास्त वळतो, जड अणू कमी वळतो, आणि जो तो आपल्या जागी जाऊन पडतो.

त्या जागा म्हणजे यंत्राची पुढची बाजू. भिंतभर काचेच्या खिडक्या आहेत आणि प्रत्येकीमागं एक वाटी. कुठल्या वाटीत काही पडलं की त्या खिडकीत दिवा लागतो. खिडक्यांची मांडणी शाळेतल्या आवर्तसारणीची. आधी हायड्रोजन, केंद्रकात एक प्रोटॉन असलेला, मग दोनवाला हेलियम, असं एकेक वाढत जायचं. पण ओळ मधेच तोडून खाली नेली आहे, कारण ठरावीक अंतरानं स्वभाव परत येतो. अणूच्या बाहेरच्या बाजूला किती इलेक्ट्रॉन आहेत यावर त्याचा स्वभाव ठरतो, आणि बाहेरची मांडणी सारखी असलेले एकाखाली एक येतात. मला शाळेत यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. इथं बघितलं तर तांबं, चांदी आणि सोनं एकाखाली एक, एकाच उभ्या रांगेत. आम्ही सोनारकाम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे तीन धातू एकत्र धरत आलो, आणि भिंतीवरही ते एकत्रच निघाले. त्या दिवशी घरी येऊन मी शालनला सांगितलं. ती म्हणाली, "एका घरातली असतील ओ. रंग तेवढा येगळा."

तर मी त्या सकाळी तिथं पोचलो तेव्हा गोधडी यंत्रातून गेली होती.

"काका, थोडं आधी यायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "पण वाट्या अजून मोठ्या बरण्यांत ओतलेल्या नाहीत. बघता?"

मी बघितलं. कार्बनच्या खिडकीत काळी भुकटी होती, सगळ्यात जास्त. लुगड्यांचं सूत म्हणजे मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि त्यातले शेवटचे दोन वायू होऊन गेले. चांदीच्या वाटीत बोराएवढी चांदी. बोरॉनच्या खिडकीत दिवा लागलेला, तो सवागीमुळं. थोडं लोखंड, थोडं कॅल्शियम. आणि सोडियम, पोटॅशियम.

"हे कुठनं आलं?"

"घामातून. मीठ असतं ना घामात."

"म्हणजे शालनच्या."

"हो. त्यांच्याच."

मी म्हटलं, "मग हे मला द्या. सोडियम."

मॅडम म्हणाल्या, "काका, सोडियम घरी नेता नाही येत. तेलात बुडवून ठेवावं लागतं. पाणी लागलं की पेटतं."

"तिचंच आहे मग. खात्री पटली."

मॅडमना हसू आवरेना. मलाही आलं. शालन गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो असेन.

मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि नीट सांगितलं. सोडियमच्या अणूला नाव नसतं. शालनच्या घामातला सोडियमचा अणू आणि दुकानातल्या मिठातला अणू यांत जगातलं कुठलंही यंत्र फरक सांगू शकणार नाही. ते सारखे दिसतात एवढंच नाही, त्यांत फरकच नसतो. अणूला आठवण राहत नाही.

"मग शालन म्हणून जी काय होती, ती कशात होती?"

"मांडणीत," त्या म्हणाल्या. "कोळसा कार्बनचा, आणि साखरेतही कार्बनच. कोण कुणाला कसा जोडलाय त्यावर सगळं. आणि मांडणी आमचं यंत्र सगळ्यात आधी मोडतं, काका."

हे मला झोंबलं, पण कळलं. वाट्या दोन-चार दिवस तशाच ठेवा म्हणून सांगून मी घरी आलो. सानिकानं ताट वाढलं, मी जेवलो, आणि बोललो नाही. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो, त्यामुळं पुढची अख्खी संध्याकाळ न बोलता काढावी लागली. ते दोघांनाही जड गेलं. मुलगा अभिनंदन तेव्हा माल घेऊन तिकडं तमिळनाडूत, सेलमला गेला होता. त्याचा फोन आला की ती आत जाऊन बोलायची.

चार दिवसांनी रोहिणी मॅडमचा फोन आला. ताबडतोब या म्हणाल्या.

त्यांनी मला चांदीच्या खिडकीपुढं उभं केलं आणि विचारलं, "हिच्या उजवीकडं बघा. काय दिसतं?"

चांदीच्या शेजारच्या खिडकीतही दिवा लागलेला होता. वाटीत निळसर पांढरी चिमूट. त्या दिवशी मी ती बघितलीच नव्हती. आमच्या गावात चांदीच्या खिडकीवरून कुणाची नजर हलत नाही.

"कॅडमियम," त्या म्हणाल्या. "गोधडीत असायचं काही कारण नाही त्याला. मला वाटलं यंत्र चुकलं, म्हणून तपासलं. चुकलेलं नाही. काकू कसली काडी वापरायच्या?"

"पिवळी काडी. स्कूटरवरून एक माणूस द्यायला यायचा. आता येत नाही तो. बायकांना तीच आवडायची, लवकर वितळते, पाण्यासारखी पळते."

"कॅडमियम घातलं की तशी पळते. बंदी आहे त्याला. ज्योत लावली की त्याचा धूर होतो, आणि धूर बसतो कपड्यांवर, भिंतीवर..." त्यांनी बोटानं खिडक्या दाखवल्या. "वरती बघा, जस्त. त्याच्याखाली कॅडमियम. एक उभी रांग. स्वभाव मिळताजुळता. शरीराला जस्त लागतं, रोज लागतं. कॅडमियम आलं की शरीर फसतं, जस्तच आलं समजून घरात घेतं. आणि एकदा घेतलं की सोडत नाही. मूत्रपिंडात साठवत राहतं, वर्षानुवर्षं."

शालनची मूत्रपिंडंच गेली होती. डॉक्टर कारण सांगू शकले नव्हते.

"त्यानंच गेली?"

"ते आता नाही सांगता येणार, काका. तेव्हा रक्तात बघायला हवं होतं, आणि कुणाला सुचणार होतं?" त्या माझ्याकडं बघत होत्या. "मी तुम्हाला त्यासाठी नाही बोलावलं. आता त्या काड्या कुणाकडं आहेत?"

काड्यांची डबी शालननं दवाखान्यात जाताना सानिकाच्या हातात दिली होती. तेव्हापासून सानिका त्याच खिडकीखाली बसून झाळत होती.

मी घरी आलो तेव्हा ती बसलेलीच होती, नवीन चटई टाकून. ज्योत चालू होती. मी आधी खिडकी सताड उघडली, मग गॅस बंद केला.

"डबी दे," मी म्हटलं.

इतक्या दिवसांनी बोललो ते हे. तिनं डबी उचलली आणि मांडीवर ठेवली.

"का?"

"दे म्हणतोय नव्हं."

"आत्तीनं मला दिलीया ती. माझ्या हातात. तुमच्या न्हाई." तिचा आवाज चढला. "गोधडीसाठी तुम्ही माझ्याशी बोलायचं सोडला. मी रोज ताट वाढून तुमच्या तोंडाकडं बघतोय. आणि आता डबी मागताय व्हय? त्यांचं तेवढंच हाय माझ्याकडं. तुमची एकट्याचीच होती काय आत्ती?"

मी फरशीवर तिच्यासमोर बसलो. गुडघे वाजले. मग मॅडमनी सांगितलं ते सगळं सांगितलं, धूर, जस्त, मूत्रपिंड. मला जमेल तसं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा हात पोटाकडं गेला.

मी दोन लेकरांचा बाप. मला ते कळलं.

"कधी?"

"ज्येष्ठात," ती म्हणाली. "तीन महिने झाल्याबिगर सांगायचं न्हाई म्हणून गप होतो." मग ती रडायला लागली. "त्यासाठीच दिलो गोधडी. तुम्हीच सांगितलाता न्हवं, बसायची गोधडी संपली की जाळून चांदी काढायची आणि घरातल्या पहिल्या लेकराला वाळे करायचे. म्हटलं, आजीच्या गोधडीची चांदी. बारशाला तुमच्या हातात द्यायचं ठरवलोतो."

ती पद्धत खरी आहे. आमच्याकडं चालत आलेली आहे, आणि मीच तिला लग्नाच्या वर्षी सांगितली होती. माझे वाळे माझ्या आजीच्या गोधडीतले होते. गोधडी जुनी होऊन घराबाहेर जायची ती त्यासाठीच जायची, आणि शालनच्या गोधडीच्या वेळी नेमकं मला ते आठवलं नाही.

"मग तसं सांगायचं की, येडे."

"तुम्ही चपला घालून गेला की. कुणाला सांगू, चहाच्या कपाला?"

दुसऱ्या दिवशी डबी तिनं माझ्याकडं दिली नाही. स्वतः घेऊन सोसायटीत आली, स्वतः उघडली, आणि एक काडी स्वतःच्या हातानं यंत्रात घातली. तांब्याची खिडकी लागली, चांदीची लागली, जस्ताची लागली. मग चांदीच्या शेजारची लागली.

"सगळ्या घाला," तिनं मॅडमना सांगितलं. "डबी तेवढी मला परत द्या."

मॅडमनी डबी धुऊन, पुसून, तपासून दिली. आता तिच्यात वेलदोडे असतात.

कोल्हापूरला तपासण्या झाल्या. गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती आणि अभिनंदन सेलमहून दर थोड्या वेळानं फोन करत होता, शेवटी तिनं फोन माझ्याकडं दिला, म्हणाली, "तुमच्या लेकाला समजवा, मला वकारी यायल्या." डॉक्टर बाई शांत होत्या. रक्तात कॅडमियम आहे, असायला हवं त्यापेक्षा जास्त, पण काळजी करण्याएवढं नाही, कारण काम सुरू करून थोडेच महिने झाले होते. मूत्रपिंडं चांगली आहेत. वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती गादी, बरंचसं कॅडमियम अडवते. पण तेच अडवताना बाळाला जाणारं जस्तही थोडं अडतं, म्हणून जस्ताच्या गोळ्या दिल्या. लोह आणि कॅल्शियम पोटभर खा म्हणाल्या, शरीराला खरं मिळत असलं की ते खोटं कमी घेतं. आणि झाळायला बसायचं नाही.

येताना सानिका म्हणाली, "मामा, म्हणजे जस्ताला घरात ठेवायचं, त्याच्याखालच्याला न्हाई."

"एकाच खिडकीचा फरक," मी म्हटलं.

"वळखायचं कसं मग? दोघं सारखीच दिसत्यात म्हणं."

"तुझ्या सासूनं वळखलं असतं. तिला घरात कोण आलंय ते नुसत्या चपलांवरनं कळायचं."

सानिका हसली.

अभिनंदन परत आला त्या दिवशी आम्ही खिडकीखालची भिंत खरवडून काढली, तोंडाला फडकी बांधून. खरवडलेला चुना पिशवीत भरून सोसायटीत दिला. यंत्रात कॅडमियमच्या खिडकीत परत दिवा लागला. आता घरच्या भिंतीला नवा रंग आहे, शालनला न आवडणारा.

पुढं सोसायटीची बैठक झाली. मी उभा राहून बोललो. मला बोलता येत नाही, पण बोललो. ज्या ज्या घरात पिवळी काडी होती, त्यांनी काड्या आणि बसायच्या गोधड्या यंत्रात घालाव्यात आणि बायकांनी रक्त तपासून घ्यावं, असं ठरलं. गोधड्या यायला लागल्या. कुणाच्या गोधडीला तो दिवा लागला, कुणाच्या नाही. ज्यांच्या लागला त्यांना कोल्हापूरला नेलं. त्यातल्या दोघींचं वेळेत कळलं असं डॉक्टर बाई म्हणाल्या. गोधडी घालताना बायका यंत्रापुढं उभ्या राहतात, आणि आता कुणी चांदीच्या खिडकीकडं आधी बघत नाही.

आमच्या शेजारची कल्लव्वा मात्र ऐकत नाही. वयानं शालनहून मोठी, अजून बसून झाळते. "माझी गोधडी मोडून तुमचं शिक्षण करतायसा व्हय रे भूपाल?" म्हणते. "माझ्या नवऱ्याचं धोतर हाय तिच्यात. मी मेल्यावर न्या, तवर न्हाई." मी तिच्याकडं रोज जातो. चहा देते, गोधडी देत नाही. मला तिचा राग येत नाही. मीही दिली नसती.

वाट्यांचं असं झालं. चांदी मी घेतली. बाकीचं मॅडमना बरण्यांत ओता म्हटलं. कॅडमियम काचेत बंद करून जायचं तिथं गेलं. कार्बन शाईच्या कारखान्याला जातो, पोटॅशियम आणि फॉस्फरस खताला. सोडियम ओतताना त्यांनी मला बोलावलं आणि टाचणीच्या टोकाएवढा कण पाण्यावर टाकून दाखवला. तो फुसफुसत, गिरक्या घेत पाण्यावर पळाला, आणि मग पिवळ्या ज्योतीनं पेटून संपला. मॅडम म्हणाल्या, "समाधान झालं?" मी म्हटलं, "अगदी तशीच."

घरी येऊन मी चांदी वितळवली. थोडं तांबं घातलं, नुसती चांदी मऊ पडते, तेवढं त्याच रांगेतलं तांबं लागतंच. तार ओढली. हे काम मी आयुष्यभर केलं, पण एवढीशी तार एवढा वेळ घेऊन कधी ओढली नव्हती. या चांदीच्या अणूंना शालन माहीत नाही, हे मला आता माहीत आहे. ते चांदीचे कुठलेही अणू असते तरी चाललं असतं. तरी मी एक कणही सांडू दिला नाही. संध्याकाळी केर काढला तेव्हा सानिका दारात उभी राहून म्हणाली, "तो पण भरून ठेवा की. दुसऱ्याला लागंल."

"आधी पहिलं तर येऊ दे."

वाळे वाकवून झाले. माझी दोन बोटं घातली की भरतात, इतके लहान. घुंगरूही करून ठेवले आहेत. ते झाळायचं काम मला येत नाही, आमच्या घरात ते पुरुषांनी कधी केलं नाही. अभिनंदन म्हणाला, गल्लीत कुणाकडून तरी करून घेऊ. सानिकानं त्याला गप्प केलं. म्हणाली, नवीन काडी येऊ दे, सोसायटी खिडकीत धूर ओढायचा पंखा बसवणार आहे तो बसू दे, बाळ होऊ दे, रक्त परत तपासू दे, मग मीच झाळणार. तोवर तसेच घालू, मुके.

वाळे वेलदोड्यांच्या डबीत ठेवले आहेत. सकाळी मी त्याच खिडकीखाली खुर्ची टाकून चहा घेतो. घुंगरू अजून झाळायचे राहिले आहेत, आणि कल्लव्वाची गोधडी अजून आलेली नाही.